साडूंची बुटकी लेन्स

१९८५ च्या उन्हाळ्यात पालम येथे एका लग्नात माझ्या साडूंनी आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला फोटोतून कापले. त्यामागे हेतू नव्हता. फोटोत वऱ्हाडातले सगळे आले होते; भाऊ फक्त हातापुरते आले होते. डाव्या कडेला शर्टाची एक बाही, बाहीतून निघालेला हात आणि हातात पाण्याचा तांब्या, एवढाच भाग कागदावर उमटला. लग्न धाकट्या बहिणीचे होते आणि त्याचा सगळा भार ह्याच भावाने उचलला होता. फोटो नवरदेवाच्या घरी दर्शनी भिंतीवर लागला. आल्यागेल्यांनी "हा हात कुणाचा?" असे विचारायला सुरुवात केली आणि ती विचारणा फिरत फिरत पालमला पोचली. शेताच्या वाटणीचे बोलणेही त्याच वर्षी निघाले होते. भावाने दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या आणि साडूंशी बोलणे बंद केले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवीत. मागे सरकण्याच्या बाबतीत परभणी जिल्ह्यात त्यांची बरोबरी करील असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्याजवळ रशियन बनावटीचा रेंजफाइंडर कॅमेरा होता. ह्या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायची सोय नसते. वर एक वेगळी छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचे. खिडकीच्या मधोमध समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसतात, एक ठळक, एक पुसट. लेन्सची कडी फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोटो स्पष्ट येतो. साडूंच्या कॅमेऱ्याची लेन्स अरुंद नजरेची होती. चार माणसे नीट येत, पाचवे आले की साडू एक पाऊल मागे जात. आमच्याकडच्या लग्नात पाचावर कोणी थांबत नाही. त्यामुळे साडू चपला काढण्याच्या जागेपर्यंत, तिथून मांडवाच्या बाहेर, तिथून रस्त्यावर जात. एकदा सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, कापसाच्या गाड्यांचा फोटो काढताना ते मागे सरकत सरकत कापसाच्या ढिगात गेले आणि छातीपर्यंत बुडाले. दोन्ही हातांनी कॅमेरा वर धरलेला होता. हमालांनी त्यांना ओढून काढले तेव्हा ते म्हणाले, "थांबा, आत्ता कुटं समदं बसायलंय."

पुढे पुढे त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, प्रत्येक कार्यात त्यांच्या पाठीमागे एक माणूस उभा करण्याची पद्धत पाडली. चूल, खड्डा, बैल ह्यांपैकी काही जवळ आले की त्या माणसाने साडूंच्या पाठीला हात लावायचा. हा मान आमच्या घरात आळीपाळीने येई. माझ्यावर तो अनेकदा आला. साडूंना त्याचे वैषम्य नव्हते. "मागं बघा की जरा," असे अक्का ओरडल्या की ते शांतपणे म्हणत, "मागं बघून फुडचा फोटो कसा काढावं?"

त्यांच्या इतर सवयीही ह्याच व्यंगातून निघाल्या होत्या. एस.टी.त ते मुद्दाम सगळ्यात मागच्या लांब बाकावर बसत. हाडे खिळखिळी होत, पण तिथून पूर्ण गाडी नजरेत बसते असे त्यांचे म्हणणे होते. कुणाच्या घरी गेले की आधी कोपरा गाठत. फोटो काढताना ते कुणाला हसा म्हणून सांगत नसत. "आवळा, आवळून घ्या," एवढेच सांगत, आणि अंग चोरलेल्या, श्वास रोखलेल्या माणसांचा फोटो निघे. लेन्सचे झाकण तसेच राहिले तरी ह्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळे स्वच्छ दिसत राहते. शाळा तपासणीच्या वेळी फिल्मचा एक पूर्ण रोल त्यांनी असाच काळा काढला होता. तेव्हापासून झाकण काढले की ते दातात धरीत. परिणामी ऐन फोटोच्या वेळी त्यांचा शब्द कुणाला कळत नसे. उजवीकडे सरका म्हटले की लोक डावीकडे सरकत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षे होती. मोर्चे, निवेदने, बंद आणि विरोधातले बंद ह्यांनी मी ज्या दैनिकात होतो त्याचे पहिले पान भरे. एकदा आमचा छायाचित्रकार आजारी पडला आणि परभणीत जिल्हा कचेरीवर येणाऱ्या नामांतराच्या मोर्चाचा फोटो काढायला मी साडूंना बोलावले. ते मोर्चासमोर उभे राहिले, सगळे मावेनात म्हणून मागे सरकू लागले. मोर्चा पुढे येत होता, त्यामुळे कितीही सरकले तरी अंतर तेवढेच राहिले. शेवटी त्यांची पाठ पोलिसांच्या गाडीला टेकली. पुढच्या रांगेत त्यांच्याच शाळेतले एक शिक्षक होते. ते ओरडले, "सर, मोर्चा तुमी न्यायलाव का आमी?" मोर्चा हसला. दुसऱ्या दिवशी बातमीत मोर्चा विराट होता आणि छायाचित्रात पहिली रांग होती. ते शिक्षक आमच्या दैनिकाच्या कचेरीत आले. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, मागची माणसं कुटं ठिवली? गावाहून पायी आलेली हाईत ती." साडू त्या दिवशी माझ्याकडे न जेवता गेले.

पालमच्या प्रकरणात साडूंचे एकच म्हणणे होते: दादा खिडकीत दिसत होते. हे खरे असावे. त्या कॅमेऱ्याची खिडकी लेन्सपेक्षा थोडे जास्तच दाखवी, आणि हद्द दाखवणारी रेघ तिच्यात नव्हती. पण हे पालमला कोण समजावणार? अक्कांचे मत होते की जावे, पाया पडावे, मोकळे व्हावे. साडू म्हणत, "आधी लेन्स, मंग दादा. माफी मागून आलो आन् परत हातच आला तं?"

ह्यात काही वर्षे गेली. मग त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न चुडाव्याच्या मुलाशी ठरले आणि विषय निकरावर आला. साडूंचे वडील हयात नव्हते. व्याह्यांसमोर उभे राहायचे, व्याहीभेट घ्यायची, तो मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे दादांचा. सुपारीच्या वेळी व्याह्यांनी सहज विचारले, "थोरले भाऊ दिसले न्हाईत?" साडूंनी सांगितले, "लग्नाला येणारच की." ह्या विधानाला त्या वेळी कोणताही आधार नव्हता. मुलगी आतून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, मोठे बाबा न्हाई आले तं मी बोहल्यावर चढनार न्हाई." ती पालमला मोठ्या बाबांच्या खांद्यावर वाढली होती.

साडूंनी लेन्सचा शोध गंभीरपणे हाती घेतला. किती रुंद नजरेची लेन्स हवी हे ठरवायला त्यांनी अंगणात भांड्यांचे वऱ्हाड उभे केले. नवरानवरी म्हणून दोन कळशा, व्याह्यांच्या जागी घंगाळ, मावश्यांच्या जागी पिठाचे डबे आणि अगदी कडेला दादा म्हणून रांजण. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून ते त्यातून बघत, आणि पुठ्ठा डोळ्यापासून जवळ-लांब करीत. फार रुंद लेन्स घेतली तर माणसे ज्वारीच्या दाण्याएवढी होतील. माणूस मावलाही पाहिजे आणि ओळखूही आला पाहिजे. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली की ही कोणती पूजा. अक्कांनी बराच वेळ बघून घेतले आणि विचारले, "ह्यात मी कोन्ती?" साडूंनी परातीकडे बोट दाखवले. अक्कांनी परात उचलली. "पीठ मळायचंय," म्हणाल्या आणि वऱ्हाडातून निघून गेल्या.

लेन्स परभणीत मिळण्यासारखी नव्हती. मीटरगेजच्या गाडीने आम्ही दोघे हैदराबादला गेलो. जुने कॅमेरे विकणारा एक दुकानदार त्यांना कुणी तरी सांगितला होता. त्याने आधी एक मोठी, जड, चकचकीत लेन्स काढून गादीवर ठेवली.

"ये देखो साब. तोप है तोप."

साडू म्हणाले, "मेरे कू लग्न के फोटो निकालने के भाई, किल्ला नहीं पाडने का."

तरी त्यांनी ती कॅमेऱ्याला लावली आणि मला दुकानाच्या दारात, उजव्या बाजूला, पायरीखाली उभे केले. डोळा खिडकीला लावला.

"साडूभाऊ, हाव का तिथं?"

"आहे."

"न्हाई."

"अहो, इथंच उभा आहे."

"असाल. मला दिसत न्हाई." त्यांनी कॅमेरा खाली घेतला. लेन्स इतकी जाडजूड होती की तिचा फुगवटा खिडकीच्या आड येत होता आणि खालचा उजवा कोपरा खात होता. मी त्या कोपऱ्यात होतो. साडूंनी ती लेन्स दोन बोटांनी बाजूला सारली. "कोपरा खानारी नको. कोपऱ्यापायीच घर मोडायलंय."

मग दुकानदाराने खालच्या खणातून दुसरी काढली. जुनी, जपानी, पेढ्याएवढी. लावली तेव्हा ती कॅमेऱ्याच्या अंगाबाहेर जेमतेम आली. दुकानदारालाच तिची लाज वाटत असावी. "इतने बड़े आदमी कू इतना छोटा लेंस?" असे तो पुटपुटला. साडूंनी मला पुन्हा कोपऱ्यात उभे केले. ह्या वेळी मी पूर्ण दिसलो. दुकानदाराने बजावले की रुंद लेन्स कॅमेऱ्याच्या खिडकीपेक्षा कितीतरी जास्त पकडते, तेव्हा डोक्यावर बसवायची वेगळी खिडकी घ्यावीच लागेल. तिच्याशिवाय आंधळे काम होईल. साडूंनी पुन्हा डोळा खिडकीला लावला आणि विचारले:

"म्हंजी खिडकीत दिसतं तेवढं तं येनारच?"

"येच नहीं साब, दोनों बाजू का बी आयेगा. दिखेगा नहीं, लेकिन आयेगा."

"मंग वरची खिडकी नको," साडू म्हणाले. परतीच्या गाडीत पूर्णा येईपर्यंत ते आनंदाने एकच गोष्ट सांगत होते: आजवर दिसलेला माणूस येत नव्हता, आता न दिसलेलाही येणार. अक्कांनी सेलूला लेन्स तळहातावर घेऊन विचारले, "एवढ्यासाठी हैदराबाद?"

हा आनंद फार टिकला नाही. अंगणात भांडी पुन्हा मांडून त्यांनी परीक्षा घेतली. फोटोत सगळी भांडी आली, एकही कापले गेले नव्हते. पण कडेचा रांजण आडवा फुगला होता. रुंद लेन्सचा तो स्वभावच आहे. मधले जसेच्या तसे येते, टोकाचे ताणले जाते. साडू फोटो हातात घेऊन पायरीवर बसले. "दादा असे दिसले तं खल्लास," म्हणाले. ह्यावर उपाय सोपा होता: दादांना मध्ये उभे करायचे. आणि तो अशक्य होता. आमच्याकडे मुलीकडची माणसे फोटोत मध्ये शिरत नाहीत. मधली जागा पाहुण्यांची. घरचा थोरला सगळ्यांना उभे करून शेवटी, टोकाला उभा राहतो. दादांनी ही रीत आयुष्यात मोडलेली नव्हती. पालमच्या लग्नात त्यांचा हात तेवढा आला, तो ह्या रीतीमुळेच.

पत्रिका द्यायला साडू, अक्का आणि मी पालमला गेलो. दादा ओसरीवर बसले होते. साडू त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर बसले. बोलणे माझ्यामार्फत झाले.

"पत्रकार, तुमीच सांगा," दादा म्हणाले, "मानूस जित्ता असून फोटूत निस्ता हात. त्या हाताला पाव्हन्यानं रामराम घालावं का?"

साडू म्हणाले, "दादा, खिडकीत तुमी दिसत होताव. आईची आन."

"तुमच्या साडूला इचारा, खिडकीत होतो तं कागदावरून कुटं गेलो?"

मी विचारण्याची गरज नव्हती. साडूंनी खिडकी आणि लेन्स ह्यांतला फरक समजावायला सुरुवात केली. दादांनी तंबाखू मळता मळता सगळे ऐकून घेतले. मग मला म्हणाले, "फोटू आता कोन काढनार हाय?"

"तेच," मी सांगितले.

दादांनी पत्रिका घेतली, कुंकवाचे बोट लावून घेतले आणि म्हणाले, "बघू." वहिनींनी चहा दिला. परतीच्या एस.टी.त साडू मागच्या बाकावर न बसता माझ्याजवळ बसले. "बघू म्हंजी काय, साडूभाऊ? तुमच्या पेपरात बघू म्हंजी काय मनतेत?" मी सांगितले की आमच्याकडे त्याला वृत्ताला दुजोरा मिळालेला नाही, असे म्हणतात.

दुजोरा लग्नाच्या दिवशी सकाळी मिळाला. पहिल्या एस.टी.ने दादा आणि वहिनी सेलूत उतरले. साडू दारातच होते. दादा त्यांच्या अंगावरून आत गेले, पुतणीला "उपाशी हायस का ग?" म्हणाले, आणि धोतर खोचून आचाऱ्यांकडे गेले. पाण्याची पिंपे, पंक्ती, वरपक्षाचा जानवसा, सगळे त्यांनी ताब्यात घेतले. व्याहीभेट त्यांनीच घेतली. चुडाव्याच्या व्याह्यांनी त्यांना उराशी धरले तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. साडूंशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

अक्षता पडल्यावर फोटोची वेळ आली. शाळेच्या मैदानात सगळे उभे राहिले. दादा टोकाला. साडूंनी दातात झाकण धरून त्यांना मध्ये या, मध्ये या, अशा खुणा केल्या. दादा म्हणाले, "काय मनायलेत ते? सांगा त्यांना, आपुन पोरीकडचे. मधी पाव्हने." आणि आणखी एक पाऊल टोकाला सरकले. साडूंच्या पाठीमागे सवयीने मी उभा होतो. ते मागे सरकतील म्हणून मी हात तयार ठेवला होता. ते जागचे हलले नाहीत. दोनदा बटण दाबले आणि झाकण दातातून काढून लेन्सला लावले.

आमच्या कचेरीत एक अंधारखोली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साडू तिथे आले. फिल्म धुऊन झाली. कागद औषधात सोडला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"साडूभाऊ, आधी हात बघा."

"हात आहे."

"फुडं?"

"खांदा आहे."

"फुडं सांगा की."

"डोकं आहे."

साडूंनी श्वास सोडला. मग विचारले, "कसं हाय?"

मी चिमट्याने कागद वर धरला. "मोठं आहे."

दादा पूर्ण आले होते, पटक्यापासून चपलांपर्यंत. पण पटका गाठोड्याएवढा झाला होता आणि एक गाल शेजाऱ्याच्या बाजूला निघाला होता. साडूंनी लाल दिव्यात ते पाहिले. फोटो दादांकडे न नेता चालणार नव्हते. व्याह्यांकडे त्याची प्रत जाणारच होती.

पुन्हा आम्ही पालमला गेलो. दादांनी फोटो उजेडाकडे धरला. वहिनी त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. त्याच आधी बोलल्या. "अगं बाई, किती अंगानं भरलाव!"

"घरचं लगीन होतं," दादा म्हणाले. "मानूस भरनारच."

साडू माझ्याकडे बघू लागले. दादांनी बोटाने एकेक चेहरा मोजल्यासारखा केला. व्याही, जावई, पोरगी, वहिनी, अक्का, मावश्या, साडूंच्या शाळेतले ते शिक्षक. दुसऱ्या टोकाला बोट पोचल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून आले. म्हणाले, "समदे हाईत." मग फोटो मांडीवर ठेवला आणि समोर बसलेल्या भावाकडे बघून विचारले, "तू कुटं हायस रे ह्याच्यात?"

मधे मी नव्हतो.

"मी काढायलो होतो ना, दादा."

"म्हंजी न्हाईस."

"न्हाई."

"पोरीच्या लग्नात बापच न्हाई." दादांनी वहिनींना चहा टाकायला सांगितले. चहा आला. कप खाली ठेवताना ते म्हणाले, "पोळ्याला ये."

त्या वर्षी पोळ्याला साडू सहकुटुंब पालमला गेले. बैल दोघा भावांनी मिळून धुतले आणि सजवले, असे अक्कांनी सांगितले. वहिनींनी त्याला दुजोरा दिला. कॅमेरा सेलूला कपाटात होता. त्या दिवसाचा फोटो नाही.